वाडीतले नवे बिऱ्हाड

आमच्या जिल्ह्यातला माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सध्या कुठे असता?’ उत्तरात मुंबई, ठाणे, पुणे, झालेच तर कोल्हापूर किंवा गोवा असे काहीतरी यावे, ही विचारणाऱ्याची अपेक्षा असते. ‘इथेच, गावात,’ असे उत्तर मिळाले की विचारणारा क्षणभर गप्प होतो आणि मग घाईघाईने म्हणतो, ‘बरे आहे की! निवांत!’ त्या ‘बरे आहे’मध्ये थोडी कीव असते. गावात राहणे कुणी निवडत नाही, ते मागे उरलेल्याच्या वाट्याला येते, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. अशा आमच्या वाडीत २०१५ साली पुण्याहून एक बिऱ्हाड आले. कुणी बोलावले नव्हते, बदली झाली नव्हती, पोटापाण्याची अडचण नव्हती. ते आपण होऊन आले आणि आठ वर्षे राहिले. त्या बिऱ्हाडाने वाडीला काय दिले आणि वाडीने त्याला काय शिकवले, हे एकदा लिहून काढावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

आधी वाडीविषयी. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ साली ८,४९,६५१ झाली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली होती. राज्यात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे, आमच्याकडे १६३. शेजारच्या रत्नागिरीतही माणसे घटली. आणि तिथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आमच्या जिल्ह्यात १०३६, तर साऱ्या राज्यात फक्त ९२९. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गातल्या कुणालाच त्यांचे नवल वाटले नाही. मला त्यांत आमची वाडी दिसत होती. घरे वीस, त्यांतल्या अकरा घरांना कुलूप, आणि उरलेल्या नऊ घरांत म्हाताऱ्या आणि सुना.

हे काही कालपरवाचे नव्हे. कातळाची जमीन, भाताचे एकच पीक, चार भावांत वाटल्यावर उरणारे दोन-चार कुणगे, एवढ्यावर घर चालत नसे. म्हणून आमचे पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेले. आमच्या गावाची मुंबईत गावकीची खोली होती. पाळीपाळीने तिथे झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि महिन्याला मनीऑर्डर पाठवायची. माझे आजोबा असेच गेले, मोठे काका गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि काकांची गिरणी सुटली. पण ते परत आले नाहीत. मुंबईतच कुठे पहारेकऱ्याची, कुठे हमालीची नोकरी त्यांनी धरली. जायची वाट पायाखालची असते, परत यायची कुणी मळलेलीच नव्हती.

त्यामुळे पुण्याचे जोडपे जेव्हा टेम्पोभर पुस्तके आणि सहा वर्षांची मुलगी घेऊन उतरले, तेव्हा वाडीला पहिल्यांदा संशयच आला. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता, ती शाळेत शिकवत असे. शहराचा कंटाळा आला, मुलीने मातीत वाढावे असे वाटले, एवढेच त्यांचे म्हणणे. ‘काहीतरी करून इल्यात, म्हणान लपले,’ असे काहींचे मत पडले. काहींना वाटले, हे जमिनीचे दलाल. शेजारच्या आजीने मात्र खळ्यात बसल्या बसल्या एका वाक्यात सगळे सांगितले, “आमचे झिल मुंबयक गेले, नि हे पुण्यासून हय इले. देवाचो हिशेब काय कळणा नाय!”

त्यांना थोडी जमीन विकत घ्यायची होती. पण १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर इतकी नावे असतात की विकणाराच एका जागी सापडत नाही. शेवटी एका चाकरमान्याचे बंद घर त्यांनी आजूबाजूच्या झाडांसकट भाडेपट्ट्याने घेतले. चिऱ्याच्या भिंती शाबूत होत्या, पण वासे वाळवीने खाल्लेले. कौले उतरवून चढवण्यात पहिला पावसाळा गेला. गावातल्या जाणत्यांनी सांगितले, आधी नारळ ठेवा, देवाला गाऱ्हाणे घाला. त्या दोघांचा देवावर फारसा विश्वास नसावा. पण त्यांनी नारळ ठेवला, आणि गाऱ्हाण्यात आपल्या तिघांची नावे ऐकून ती बाई डोळे पुसत होती, असे माझी आई सांगते.

बागेवर जगू, असा त्यांचा बेत होता. तो दीड वर्ष टिकला. हापूसचा मोहोर एका वर्षी अवकाळी पावसाने गेला. जे आंबे धरले त्यांतले निम्मे वानरांनी खाल्ले. काजूचा दर ऐन हंगामात उतरला. पावसाळ्यात वीज गेली की दोन दोन दिवस येत नसे, आणि घरी बसून संगणकावर काम करण्याचा विचारही पाण्यात गेला. ‘गावात खर्च कमी’ हे शहरातले वाक्य किती अर्धवट आहे, हे त्यांना तेव्हा कळले असावे. गावात खर्च कमी दिसतो, कारण गावातली माणसे तो टाळतात. औषधाचा टाळतात, चपलांचा टाळतात.

तेव्हा त्यांनी घराच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी केल्या. सिंधुदुर्ग १९९७ सालीच पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता, २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पुऱ्या मार्गावर धावू लागली होती. पण त्या सगळ्याचा ओघ मालवण, तारकर्ली अशा किनाऱ्याकडे. आमच्यासारख्या डोंगराकडच्या वाडीत समुद्र नाही, किल्ला नाही. काय बघायला लोक येतील, असा प्रश्न आम्हालाच पडला होता. २०१६ च्या दिवाळीत पहिले पाहुणे आले आणि त्यांनी जे पाहिले ते आम्ही रोज बघत होतो. शेणाने सारवलेले खळे, न्हाणीतला चुलीवरचा हंडा, बांधावरचे रतांबे, रात्रीचा काळोख. काळोखाचेही पैसे मिळतात, हे ऐकून आजी तोंडाला पदर लावून हसली होती.

स्वयंपाकाला माझ्या आईला बोलावणे आले. ती पहिल्या दिवशी गेली आणि संध्याकाळी घरी येऊन गोंधळलेली बसली. म्हणाली, “पैसे देता तो पावणो कसो?” पाहुण्याला घावणे घालायचे ते हौसेने किंवा रीत म्हणून. त्याचा हिशेब मांडायचा, ही गोष्ट तिच्या पचनी पडायला महिना लागला. मग मात्र ती पडली. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, सोलकढी, कोंबडीवडे. पाहुणे बोटे चाटत आणि पाककृती विचारत. आईला पाककृती सांगता येत नसे. ‘अंदाजान घालूचा,’ एवढेच ती सांगे.

महिन्याच्या शेवटी तिच्या हातात तिचे स्वतःचे पैसे आले. हे वाक्य वाचताना साधे वाटेल. पण आमच्या घरात पैसा नेहमी दुरून येत असे. आजीच्या काळी मनीऑर्डरने, नंतर काकांकडून, बाबांची रिक्षा चालली तर तालुक्याहून. पोस्टमन आला की घर जागे व्हायचे, असे आजी सांगायची. वाडीतच केलेल्या कामाचे, वाडीतच मिळालेले पैसे बाईच्या हातात येणे हे आमच्याकडे नवीन होते. आधी काजू फोडण्याचे काम असायचे, पण त्यात टरफलातल्या तेलाने बोटांची सालपटे निघत आणि मजुरी किलोवर मिळे. इथे तिला ‘वहिनी’ म्हणत आणि तिच्या हाताचे नाव घेत. दुसऱ्या वर्षी आणखी दोन बायका कामाला लागल्या, एकीचे दूध जाऊ लागले, एकीची आमसुले आणि आगळ. बचत गटाचे पासबुक पहिल्यांदा भरलेले दिसू लागले.

सगळे गोडीगुलाबीचे होते असे नाही. पाहुण्यांचा खरा हंगाम मे महिना, आणि आमच्या विहिरीचा तळ दिसतो तोही मे महिन्यात. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस पिणारी ही जमीन उन्हाळ्यात घोटभर पाणी देत नाही. सारे उतारावरून समुद्राला मिळालेले असते. २०१८ च्या मे महिन्यात पाहुणे फवाऱ्याखाली सकाळ-संध्याकाळ अंघोळ करत होते आणि वाडीतल्या बायका पहाटे चारला विहिरीवर नंबर लावत होत्या. एका सकाळी सगळ्या जणी कळश्या घेऊन त्या घराच्या खळ्यात जाऊन बसल्या. आईची मोठी कुचंबणा झाली, कारण ती चुलीपाशी होती. शेवटी तीही हात पुसून बाहेर आली आणि बायकांत जाऊन बसली. त्या जोडप्याने वाद घातला नाही. फवारे काढले, बादली आणि तांब्या ठेवला, मे महिन्यात तीनऐवजी एकच खोली द्यायची असे ठरवले. पुढच्या ऑक्टोबरात वाडीबरोबर ओहोळावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळूने भरून बंधारा घातला. विहिरीचे पाणी त्या वर्षी तीन आठवडे जास्त टिकले. निसर्ग बघायला येणाऱ्याला निसर्गाची टंचाईही वाटून घ्यावी लागते, हे मी त्या दिवसांत पाहिले.

शाळेची गोष्ट तशीच. मी चौथी पास होऊन बाहेर पडले तेव्हा जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेच्या पटावर सहा मुले उरली होती. त्यांची मुलगी सातवी. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी आमच्या घाटीपर्यंत येत नसे, म्हणून ती या शाळेत आली. पण तिच्या आईने मग शाळेला वाऱ्यावर सोडले नाही. दुपारी जाऊन गोष्टी सांगे, पुस्तकांची पेटी तिने तिथेच नेऊन ठेवली. वाचनाची गोडी मला त्या पेटीने लावली. चौथीनंतर शाळा सुटलेली असूनही मी पुस्तके न्यायला तिथे जात असे. आज मी कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, यात त्या पेटीचा वाटा आहे.

मग २०२० साल आले. मार्चमध्ये सारे बंद झाले, पाहुणे थांबले, आईचे काम थांबले. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी मिळेल त्या वाहनाने गावाकडे निघाले. गावोगावच्या शाळांत त्यांना चौदा दिवस वेगळे ठेवत होते. ज्या शाळेत मुले नव्हती ती माणसांनी भरून गेली. गावात वादही झाले. सख्ख्या भावाला वेशीवर थांबवण्याची वेळ आली. त्या वेळी या जोडप्याने आपल्या तीनही खोल्या, जिथे शहरचे पाहुणे पैसे देऊन राहत, त्या परत आलेल्या वाडीकरांना फुकट दिल्या. आई खळ्याच्या कडेला पेजेचे पातेले ठेवून मागे सरायची. त्यानंतर वाडीत त्यांना कुणी ‘पुणेकर’ म्हटले नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की ही सुखान्त गोष्ट आहे. पण एक गोष्ट मला नंतर समजली आणि ती सांगितल्याशिवाय हे लेखन खरे होणार नाही. त्या तीन खोल्यांवर ते कुटुंब जगत नव्हते. वर्षातले मोजके दिवस, दिवाळी, नाताळ आणि मे महिना, खोल्या भरत. बाकीचे दिवस पुण्यातल्या त्यांच्या फ्लॅटचे भाडे घर चालवत होते. हे त्यांनी कधी लपवले नाही. उलट त्या बाईने मला आपली हिशेबाची वहीच दाखवली होती. त्यांची गावात राहण्याची मोकळीक शहरात कमावून ठेवलेली होती.

आमच्या शेजारच्या मुलाकडे ती नव्हती. तोही गावातच राहू पाहत होता. त्याला कोंबड्यांची शेड घालायची होती. बँकेने जमिनीचे कागद मागितले. सातबाऱ्यावर तेवीस नावे, म्हणजे बावीस जणांच्या संमतीच्या सह्या आणायच्या. कुणी विरारला, कुणी आखातात, एक जण कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. दोन वर्षे तो फिरला आणि शेवटी गोव्याला औषधांच्या कारखान्यात लागला. त्याला गावाची ओढ कमी होती असे कोण म्हणेल? त्यातून दुसरी अडचण. गावात राहणाऱ्या मुलाला मुलगी देत नाहीत. ‘मुंबईत खोली आहे का?’ हे आधी विचारतात. एकाच वाडीत राहणे ही एकाची आवड ठरते आणि दुसऱ्याची अडवणूक, ती अशी.

२०२३ च्या जूनमध्ये त्यांची मुलगी नववीत गेली आणि ते पुण्याला परतले. मुलीला पुढे विज्ञान शिकायचे होते. इथे तशी सोय जवळ नव्हती. जाताना ती बाई आईच्या गळ्यात पडून रडली. आई रडली नाही. तिने विचारले, “चावी खय ठेवतलास?” त्यांनी चावी तिच्याच हातात दिली आणि सांगितले, तुम्ही तिघी मिळून चालवा, भाडे घरमालकाला द्या, उरेल ते तुमचे. भाडेपट्ट्याची वर्षे मात्र सरत आली होती आणि घरमालकाच्या मुलाला ते घर आता स्वतःच चालवायचे होते. म्हणजे एक हंगाम, फार तर दोन.

आमचे स्वतःचे घर चार भावांचे. बाबा धाकटे, तेच तेवढे गावात. तिघा काकांच्या तीन खोल्यांना वर्षभर कुलूप असते, ते चतुर्थीला उघडते. त्या वर्षीच्या चतुर्थीत, गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर, सगळे खळ्यात बसले असताना आईने विषय काढला. तुमच्या दोन खोल्या मला द्या, मी पाहुणे ठेवीन. सगळे गप्प झाले. मोठे काका म्हणाले, “आपल्या घराची खानावळ करायची? गणपती बसतो त्या घरात?”

आई सहसा त्यांच्यासमोर बोलत नाही. पदर सावरून ती म्हणाली, “भावोजी, तुमी मुंबयत ज्या बायेकडे जेवल्यात, ती आपल्याच मुलखातली मां? तिका कोणी नावा ठेवली?”

काका खूप वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनीच आम्हाला सांगितले की गिरणीत असताना नऊ वर्षे ते एका बाईच्या खानावळीत जेवत होते. नवरा गेलेली, दोन मुलांची आई, दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा माणसांचा स्वयंपाक करणारी. संपात सहा महिने तिने पैसे मागितले नाहीत. अशा खानावळवाल्या गिरणगावात गल्लोगल्ली होत्या. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, हे मी काकांना सांगितले तेव्हा त्यांनी ‘माहीत आहे’ अशी मान हलवली. आम्ही कोकणी माणसे धंद्यात मागे, असे सगळे म्हणतात. आमच्या बायका शंभर वर्षे हाच धंदा परक्या शहरात करत होत्या, फक्त त्याला कुणी धंदा म्हटले नव्हते.

काकांनी दोन खोल्यांची लेखी संमती दिली. अटी दोन. गणपतीच्या माजघरात पाहुणा झोपणार नाही, आणि चतुर्थीत पाहुणा नाही. आईने त्या अटी आनंदाने मान्य केल्या, कारण चतुर्थीत ती तशीही कुणाचे ऐकत नाही. तिने आणि त्या दोघी बायकांनी गटातून कर्ज काढले, न्हाणीला फरशी घातली, बादली-तांब्या ठेवला. फवारा नाही. २०२४ च्या दिवाळीत पहिले पाहुणे उतरले. हिशेबाची वही मी लिहिते. दोन खोल्यांवर तीन घरे चालत नाहीत, हे मला वहीवरून रोज दिसते. बाबांची रिक्षा, काजूची झाडे आणि खोल्या, सगळे मिळून जेमतेम जुळते. पण कुलूप लावलेल्या खोलीचे उत्पन्न शून्य असते, आणि वासे वाळवी खाते ते वेगळेच. आईचे म्हणणे असे की, “बंद घर वाळवी खाता, उघड्या घरात माणसा जेवतत.”

त्या पुण्याच्या कुटुंबाला परत गेल्याबद्दल नावे ठेवणारे वाडीत आहेत. मी त्यांत नाही. ते आवडीने आले होते आणि गरजेने गेले. आमची माणसे गरजेने गेली आणि अनेकांच्या मनात अजून परतीची आवड आहे. पण गाव ओस पडण्यापासून वाचवायला बाहेरून आलेले एक बिऱ्हाड पुरत नाही. ते गेल्यावर हातात चावी घेणारे कुणी मागे असावे लागते. त्या माणसाला तेवीस सह्यांच्या फेऱ्यातून सुटका हवी, मे महिन्यात विहिरीला पाणी हवे, मुलीला आठवीच्या पुढे जवळ शाळा हवी. या तीन गोष्टी असतील तर येणारे टिकतील आणि असणारे जाणार नाहीत. नसतील तर सारवलेल्या खळ्याचे कौतुक करणारे येत राहतील आणि ते सारवणारी उरणार नाही.

राहता राहिले माझे. पदवी झाली की माझ्यासाठी स्थळे बघायला लागतील, आणि ती सारी मुंबई-ठाण्याची असतील, हे ठरलेले आहे. आमच्याकडे मुलीचे गाव सोडणे लग्नाच्या याद्यांतच लिहिलेले असते. मी आईला एवढेच सांगितले आहे की माझ्या स्थळाला खोलीबद्दल विचारू नका, तो कुठे राहायला तयार आहे हे विचारा. ती हसली आणि म्हणाली, असा खुळा मिळेल कुठे? मिळेल की नाही, मलाही ठाऊक नाही. पण तोवर तीन काकांपैकी एकाची खोली अजून बंदच आहे, आणि तिच्या संमतीचा कागद मी लिहून ठेवला आहे.